जपून दाबा

मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा लागल्या की आमच्या नर्सिंग स्कूलच्या तळमजल्यावरचा कूलर वर्षातून पहिल्यांदा सुरू होतो. पहिले दोन दिवस त्यातून गारवा येत नाही, मागच्या वर्षीची धूळ येते. बाहेर जळगावचं ऊन असं की सकाळी नऊलाच माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून भिंतीच्या कडेकडेनं चाललेली असतात. आत मुली रांगेत उभ्या. केसांना जाळी, पांढऱ्या कपड्यांना खळ, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत. बाहेरच्याला वाटेल, देवाचं नाव घेताहेत. देव कुठला हो! त्या "तिसाला दोन, तिसाला दोन" असं घोकत असतात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती तीस वेळा दाबायची, दोनदा श्वास द्यायचा, पुन्हा तीस वेळा दाबायची. सीपीआर म्हणतात ते हेच. हल्ली मोबाइलवर बघून बघून हा शब्द घराघरात पोचलाय.

परवाच्या परीक्षेत एक किरकोळ अंगाची मुलगी पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि पहिल्याच दाबाला तिनं अशी ताकद लावली की बाहेरून आलेल्या परीक्षक बाई दचकल्या. "अगं, हळू!" त्या म्हणाल्या. आम्ही शिकवणाऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं नसतं, तसा नियम आहे. पण माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हळू नाही. बरोबर करतेय ती. चालू ठेव गं!" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. या वयात कुणाच्या चष्म्याला भ्यायचं?

मुलगी तीस म्हणून थांबली तेव्हा तिच्या कानामागून घामाचा ओघळ येत होता. तो बघताना मला चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. दर मे महिन्यात आठवतो. कूलर सुरू झाला की आठवतो, वाऱ्यानं केळीची पानं फाटून लोंबायला लागली की आठवतो. पूर्वी आठवला की झोप उडायची. आता उडत नाही.

तेव्हा आमच्याकडे एकच पुतळा होता. तोही कमरेपर्यंतचा. चेहरा मध्यमवयीन, रंग फिकट गुलाबी, आपल्याकडे अशा रंगाचा माणूस शोधून सापडायचा नाही. तरी मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं 'आबा'. बेशुद्ध माणसाचे खांदे हलवून आधी त्याला हाक मारायची असते. पुस्तकात लिहिलंय, "तुम्ही ठीक आहात का?" असं विचारा. आमच्या मुली विचारायच्या, "आबा, ओ आबा, काय व्हयनं?" मी वरवर रागवायचे, मनातून मला ते आवडायचं. खाली कोसळलेल्या माणसाला छापील मराठीत कोण हाक मारणार आहे?

आबांची बडदास्त मोठी. लोखंडी कपाट, जुनी चादर, वर प्लास्टिक, आणि किल्ली माझ्याकडे. मी नोकरीला लागले तेव्हा निवृत्त होणाऱ्या बाईंनी ती किल्ली माझ्या हातात ठेवून सांगितलं होतं, "एकच आहे. मोडला तर दुसरा मिळायचा नाही. सांभाळा." मी सांभाळला. वर्षातून दोनदा आबा बाहेर यायचे, एकेका मुलीच्या वाट्याला पाच-पाच मिनिटं यायचे आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "जपून दाबा." कुणी जोर लावला की मी ओरडायचे. एकीनं एकदा असं दाबलं की आतून करकर आवाज झाला. तिचे मी चार मार्क कापले. ती मुलगी आता कुठे आहे, मला माहीत नाही. तिची माफी मागायची राहिलीय.

आबांच्या छातीत स्प्रिंग होती. दाब पुरेसा झाला की 'टक्' वाजायचं. इतक्या वर्षांत इतक्या मुलींचे हात पडून ती स्प्रिंग सैल पडली आणि टक् अगदी हलक्या दाबाला वाजायला लागलं. आम्हाला वाटलं, मुली दरवर्षी हुशार होताहेत. खरंच सांगते, मी स्टाफरूममध्ये चहा पिताना अभिमानानं सांगायचे, "यंदाच्या बॅचला पहिल्या झटक्यात जमतं."

असं चौदा वर्षं चाललं.

त्या उन्हाळ्यात धुळ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. शिकवणाऱ्यांनाच पुन्हा शिकवायचं होतं. मी कुरकुर करतच गेले. भर मे महिन्यात पारोळ्याच्या रस्त्यानं एसटीत बसायचं म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. खिडकी उघडी ठेवली तर झळा, बंद केली तर भट्टी. मनात म्हणत होते, चौदा वर्षं जे शिकवतेय ते आता मला कोण शिकवणार?

शिकवायला आली ती तिशीतली एक काडीपैलवान बाई. मनगट एवढंसं. तिच्या पुतळ्याला वायर होती आणि वायरीच्या टोकाला दिव्यांची पट्टी. छाती पाच सेंटिमीटर खाली गेली की हिरवा दिवा लागायचा, नाहीतर पिवळा. लेखी परीक्षेत मी पहिली आले. मग पुतळ्यापाशी माझी पाळी आली. मी पदर खोचला, हात जुळवले, कोपरं ताठ केली, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं. दाबलं. पिवळा. पुन्हा दाबलं. पिवळा.

"मॅडम, अजून," ती म्हणाली.

मी अजून दाबलं. पिवळा.

"मॅडम, हातानं नाही. अंगाचा भार टाका. घाबरू नका, तो मोडत नाही."

तो मोडत नाही. हे शब्द ऐकले आणि माझे हात तिथेच थांबले. तीस दाब पुरे करायचे होते, माझे अकरा झाले होते. मागे रांगेतल्या बायका कुजबुजायला लागल्या. त्यातल्या एकीनं मोठ्यानं विचारलं, "काय झालं, मॅडम? चक्कर आली का?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार? मला एका क्षणात आमची खोली दिसली होती, कपाट, चादर, टक् वाजल्यावर माझ्याकडे हसून बघणाऱ्या मुली. बॅचच्या बॅच.

दुसऱ्या दिवशी मला हिरवा दिवा जमला. तळहाताला फोड आले, पण जमला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या नको होत्या.

परतीच्या एसटीत मी मुली मोजत बसले. अमळनेरला चौघी, चोपड्याला सहा-सात, धुळ्यात दहा-बारा तरी, सुरतेला लग्न होऊन गेलेल्या किती तरी. यातल्या कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली आत्ता, या घडीला, एखादा माणूस असेल, आणि ती त्याला जपून दाबत असेल. एरंडोल आलं तेव्हा मला रंजना आठवली आणि माझी मोजणी तिथेच थांबली.

रंजना पावरा. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. वडील पावसावरची ज्वारी करायचे, आई मोहाची फुलं वेचायची. पाड्यावरून नर्स झालेली ती पहिलीच. वर्गात बोलायची कमी, लिहायची मोत्यासारखं. शिकून ती अमळनेरला एका खाजगी दवाखान्यात लागली. मी धुळ्याला गेले त्याच वर्षी थंडी ओसरताना तिचा फोन आला होता. रडत होती. दुपारच्या ड्युटीत वॉर्डातले एक म्हातारे एकाएकी गेले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी होते, ते येईपर्यंत छाती तिनंच दाबली.

"तू आपण शिकलो तसंच केलंस ना?" मी विचारलं होतं.

ती जरा थांबली, मग म्हणाली, "हो मॅडम."

"मग झालं तर. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस."

किती शहाणपणानं बोलले होते मी! फोन ठेवून कुकर लावला होता. आता एसटीच्या सीटवर तेच 'हो मॅडम' माझ्या डोक्यात घण घालत होतं. शिकवलं तसं केलं, म्हणजे वरवर दाबलं. म्हणजे ते म्हातारे वाचले असते का? असते, नसते, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण त्यांना वाचण्याची जी काही संधी होती ती मी चौदा वर्षं कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

घरी आल्यावर मी सोफ्याच्या उशा जमिनीवर टाकून दाबायला लागले. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सोफ्यानं काय घोडं मारलंय तुझं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "एकेकीला फोन कर. दुसरा इलाज काय आहे?"

तो अख्खा मे मी फोन करत होते. सकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं आणि फोन घेऊन बसायचं. "मी चुकीचं शिकवलं. रविवारी शाळेत ये, पुन्हा शिकू." हे वाक्य पहिल्यांदा बोलताना जीभ जड झाली, दहाव्यांदा बोलताना सरावली. मुलींची तऱ्हा एकेक. एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही चुकलात असं तुम्हीच म्हणताय? थांबा, रेकॉर्ड करते." एक गच्चीवर सासूबरोबर कुरडया घालत होती, तिच्या फोनमधून चिकाचा घाटा हलवल्याचा आवाज येत होता. धुळ्याची एक म्हणाली, "आम्हाला दाबायची वेळच येत नाही, मॅडम. डॉक्टर आले की आम्ही ट्रे घेऊन मागे सरकतो. कागदावर पहिल्या, पलंगापाशी शेवटच्या." तेही आम्हीच शिकवलं होतं. डॉक्टर आले की बाजूला व्हा, हे आम्ही इतक्या वेळा सांगतो की डॉक्टर यायच्या आधीच मुली बाजूला झालेल्या असतात. पुढे काय करायचं ते सगळं त्यांना पाठ असतं, लाल पेनानं अधोरेखित केलेलं असतं. पण पाठ असणं वेगळं आणि हात पुढे जाणं वेगळं. हाताला कुणीतरी आधी परवानगी दिलेली असावी लागते.

दर रविवारी मुली येऊ लागल्या. धुळ्याला मला शिकवणाऱ्या बाईनं तिचा वायरवाला पुतळा महिनाभर वापरायला दिला, मी पुन्हा जाऊन तो जीपमधून मांडीवर घेऊन आले होते. कुणी पोरं घेऊन आल्या, कुणाच्या सासवा "बघू तरी काय शिकवतात" म्हणून आल्या. सतरंजीवर पुतळा, भोवती बायका, कोपऱ्यात पन्ह्याचं पातेलं. हिरवा दिवा लागला की पोरं टाळ्या पिटायची. असोद्याच्या एका सासूनं हौसेनं स्वतः दाबून पाहिलं आणि पहिल्याच दाबाला हिरवा दिवा! जन्मभर केळीचे घड उचललेले खांदे ते. सून म्हणाली, "मॅडम, यांनाच सर्टिफिकेट द्या." खोलीभर हसू पसरलं. मीही हसले. पण मोजणीत एक कायम कमी असायची. रंजना आली नव्हती.

तिला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा ड्युटी म्हणाली, दुसऱ्यांदा पाहुणे. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, मला आता ते लागत नाही. मी वॉर्ड सोडला. केसपेपरच्या खिडकीवर बसते, नावं लिहून घेते." मोत्यासारखं अक्षर असलेली माझी नर्स खिडकीत बसून नावं लिहीत होती. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, तिला कळलंय. कुठून तरी तिनं ऐकलंय की मॅडमनी शिकवलं ते चूक होतं, आणि आपल्या हाताखाली तो माणूस त्यामुळे गेला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी सकाळच्या गाडीनं अमळनेरला गेले. तिची खोली वरच्या मजल्यावर होती. पत्र्याचं छप्पर, त्यावर ओली पोती टाकलेली. दाराशी तिच्या घरमालकीणबाई पापड वाळत घालत होत्या, "या अक्का" म्हणून त्यांनी वाट करून दिली. रंजनानं लिंबाचं सरबत केलं. तिला सुट्टी होती. ती खूप वाळली होती. मी पेला हातात धरला, प्यायले नाही.

"रंजना, मी तुझी माफी मागायला आले," मी म्हणाले आणि थांबले तर बोलता येणार नाही म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं. सैल स्प्रिंग, पिवळा दिवा, चौदा वर्षं. "तू सांगितल्याप्रमाणेच केलंस. चूक तुझी नाही, माझी आहे. ते माझ्यामुळे गेले असतील. तुझ्यामुळे नाही."

ती खाली बघत होती. आता ही उठून दार उघडेल आणि जा म्हणेल, असं मला वाटलं. म्हणाली असती तर मी गेले असते.

"मॅडम," ती म्हणाली, "मी तुम्ही शिकवलं तसं केलंच नाही."

मला काही कळेना.

"सुरुवातीला तसंच केलं. जपून. पण त्यांचा चेहरा निळा पडायला लागला. काहीच होत नव्हतं. मग मी पलंगावर चढले, मॅडम. गुडघे टेकवून. आणि सगळा भार टाकून दाबलं. आमच्या घरी मोगरीनं ढेकळं फोडतात तसं." तिनं तळहातावर तळहात ठेवून मांडीवर दाबून दाखवलं. "चौथ्या का पाचव्या दाबाला कट् आवाज आला. बरगडीचा. माझ्या हाताला कळलं. त्यांचा मुलगा तिथे उभा होता. तो म्हणाला, 'ताई, आवाज कसाना व्हयना?' मी म्हटलं, पलंगाचा. मी खोटं बोलले. तरी थांबले नाही, डॉक्टर येईपर्यंत दाबत राहिले. नंतर तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, शिकलो तसंच केलंस ना? मी हो म्हणाले. तुम्हालाही खोटं बोलले." मग ती रडायलाच लागली. "तुम्हीच शिकवलं होतं ना, बरगडी मोडली म्हणजे दाब चुकला. बरगडी आत घुसली असेल, मॅडम. मीच मारलं त्यांना. म्हणून वॉर्ड सोडला. माझा हात लागला की माणूस मरतो असं वाटतं."

हो, तेही मीच शिकवलं होतं. आबांना जपायच्या नादात तेही शिकवलं होतं.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आधी तिच्याबद्दल वाईट वाटलं नाही. आधी माझा जीव भांड्यात पडला. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं. तिनं माझं ऐकलं नव्हतं! देवा, या पोरीनं माझं ऐकलं नव्हतं! मग मला माझी लाज वाटली आणि मी पेला खाली ठेवून तिचे दोन्ही हात धरले.

"ऐक. धुळ्याला मला काय शिकवलं ते ऐक. म्हाताऱ्या माणसाची छाती नीट दाबली की बरगडी मोडू शकते. बऱ्याचदा मोडते. मोडली तरी थांबायचं नसतं. तू थांबली नाहीस. रंजना, त्या दवाखान्यात जे करायला हवं होतं ते त्या दिवशी तू एकटीनं केलंस. मी शिकवलेलं बाजूला टाकून केलंस."

"मग ते का गेले?"

"त्यांचं हृदय थकलं होतं गं. सगळं बरोबर केलं तरी माणसं जातात. पुष्कळ जातात. हे मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही."

पत्र्यावरच्या पोत्यांतून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग सावकाश, मलाच धडा शिकवत असल्यासारखी ती म्हणाली, "मग तुमच्यामुळेपण नाही, मॅडम."

मी एवढी मोठी बाई, पन्नाशी उलटलेली, तिच्या खोलीत जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. तीच मला सरबत पाजत होती. मधेच आम्ही दोघी हसायलाही लागलो, कशाला ते आता आठवत नाही. बहुतेक पलंगावर चढलेल्या रंजनाला बघून वॉर्डातल्या मावशींनी डोळे झाकले होते, ते तिनं सांगितलं त्याला असेल.

मग तिनं माझ्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. "सिस्टर, मला परत वॉर्डात घ्याल का? उद्यापासून?" पलीकडची बाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं. "उद्या कशाला? दोघी रजेवर आहेत. आज दोनला ये!" रंजनानं खुंटीवरचा पांढरा ड्रेस काढला, त्याला इस्त्री नव्हती, तसाच घातला. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, डब्यात भाकरी आहे. जेवून घ्या. ऊन उतरल्यावर निघा." आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

मी भाकरी खाल्ली. मिरचीचा ठेचा होता, तोही खाल्ला. तिच्या चटईवर जरा पाठ टेकली. महिनाभर मला दुपारी काय, रात्रीही धड झोप लागली नव्हती. डोळे मिटले की पिवळा दिवा लागायचा. त्या दिवशी पत्र्याखाली, त्या भट्टीत, मी अशी झोपले की पंखा बंद पडल्याचंही कळलं नाही. पाच वाजता घरमालकीणबाईंनी येऊन मला हलवलं.

"अक्का, ओ अक्का! तुमनी गाडी तं गई ना!"

"जाऊ द्या," मी म्हणाले आणि कूस बदलली.